पाचवा दिवस

आमच्या आजीकडे एक वस्तू होती, तिला हात लावायची आम्हा पोरांना सक्त मनाई होती. तारांत ओवलेले मणी आणि शेजारी एक मिनिटाची वाळूघडी. मला ते खेळणंच वाटायचं. आजी गावची सुईण, शाळेचं तोंड न पाहिलेली. दहापर्यंत मोजता यायचं, पुढे गाडी अडायची. ही अडचण ओळखूनच ते यंत्र केलेलं होतं. आजारी लेकराचं अंग उघडं करायचं, वाळूघडी उलटी ठेवायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोचला तर समजायचं, लेकराला डब्बा झाला. डब्बा म्हणजे न्यूमोनिया. मण्यांच्या रांगा दोन होत्या. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच भरभर चालतो, म्हणून त्याची रांग निराळी.

यंत्र 'सर्च' संस्थेचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले तेव्हा जिल्हा अवघा चार वर्षांचा होता. १९८२ च्या ऑगस्टात तो चंद्रपुरातून वेगळा झाला. गावोगावच्या न शिकलेल्या सुइणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवता येतो आणि त्याने लेकरांचे मृत्यू कमी होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापूनही आलं. आजीला लॅन्सेट वगैरे काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की आपल्याला एक यंत्र मिळालंय आणि नातवंडं ते मोडायला टपलेली आहेत.

माझी धाकटी बहीण जन्मली तो १९९७ चा डिसेंबर. मी तेव्हा बारा वर्षांचा. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत आमचं गाव; धानाच्या बांध्या संपल्या की लगेच जंगल. बाळंतपण आजीनेच केलं. पण तोवर गावात आणखी एक बाई येऊ लागली होती. येऊ लागली म्हणजे काय, गावचीच सून. सातवी शिकलेली. 'सर्च'ने तिला शिकवून आरोग्यदूत केलं होतं. तिच्या खांद्याला एक बॅग असायची. त्यात वजनाचा काटा, थर्मामीटर, घड्याळ, सुया आणि औषधं. आम्ही तिला मावशी म्हणत असू. बाळ जन्मलं तेव्हा मावशी आजीच्या शेजारी बसून होती. झोळीत घालून तिने बाळाला काट्याला टांगलं आणि म्हणाली, "एक किलो नऊशे." बा ते दिवसभर पुटपुटत होता. एवढ्या वजनाचं तर आमच्याकडे भोपळं निघायचं.

मावशीचे दिवस ठरलेले होते. पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा, मग चौदावा, एकविसावा आणि अठ्ठाविसावा. पाचव्या दिवशी पहाटेपासून अवकाळी पाऊस लागला होता. नाल्याला पाणी आलं होतं. ती कमरेपर्यंत भिजून दारात आली. आधी हात पुसले, मग साबणाने धुतले, मग बाळाला हात लावला. मला ते आठवतं, कारण बाहेर एवढं पाणी पडत असताना ही बाई पुन्हा हात कशाला धुते, हे मला कळेना.

त्याच्या आदल्या रात्रीपासून माय म्हणत होती, "पोरगी पेत नाई." आजीने यंत्र काढून मणी सरकवून पाहिले होते. वाळू संपली, पण हात लाल मण्यापर्यंत पोचला नाही. म्हणजे डब्बा नाही. आजीचं मन निवलं होतं. मावशीने बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. बाळ रडलं, पण कसं? मांजरीच्या पिलाने दूर कुठेतरी कण्हावं तसं. पोटाला हात लावून पाहिलं, गार.

"मणी त लालपर्यंत जात नाई ना," आजी म्हणाली.

"जात नाई माय. पन आवाज गेला, पेनं सुटलं. दोन झाले."

त्या 'दोन झाले' मध्ये सगळी विद्या होती, हे मला वीस वर्षांनी कळलं. जंतुदोषाची सात-आठ लक्षणं तिला पाठ होती आणि एकाच वेळी त्यातली दोन दिसली की थांबायचं नाही, हा नियम. तिने आधी दवाखान्यात न्यायला सांगितलं. बाने बाहेर पावसाकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं, मायच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. मग तिने एक कागद काढला, वाचून दाखवला आणि बाची सही घेतली. बा सही करायला शिकलेला होता, याचा त्याला त्या दिवशी काही अभिमान वाटला नसावा. हात थरथरत होता. मग त्या एवढ्याशा मांडीत सुई गेली. जेंटामायसिन. शिवाय तोंडाने पाजायचं एक औषध. मायच्या छातीशी बाळाला उघडं लावून वरून चादर. सकाळी यायची, संध्याकाळी यायची. तिसऱ्या दिवशी बहीण अशी काही रडली की बा गोठ्यातून धावत आला.

३९ गावांत हे असं चाललं होतं. सुरू व्हायच्या आधी त्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ वर आला. डिसेंबर १९९९ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि पुढे २०११ साली घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत केंद्र सरकारने आशाताईंमार्फत देशभर नेली. ६२ वजा २५.५. या वजाबाकीत माझी बहीण आहे. आज ती ब्रह्मपुरीकडे सासरी असते, शिवणकाम करते, दोन मुलांची आई आहे आणि हा विषय काढला की म्हणते, "दादा, पुरे झालं तुझं."

एक गोष्ट मात्र कुणालाच कधी कळली नाही. तिच्या रक्तात त्या दिवशी कोण होतं? रक्त तपासायला घेतलं नव्हतं. कोण घेणार आणि कुठे नेणार? आणि गंमत अशी की माझा सगळा जन्म पुढे नेमका याच प्रश्नाचं उत्तर देण्यात गेला, दुसऱ्यांच्या बाळांसाठी.

बारावीनंतर नागपुरात लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि चंद्रपुरात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागलो. जंतूंच्या टेबलावर मला बसवणारे सर निवृत्तीला आले होते. मावशीनंतर माझ्यावर दुसरं ऋण त्यांचं. बोलायचे कमी. पहिल्या दिवशी त्यांनी गुलाबी-लाल माध्यमाची एक बशी माझ्यापुढे ठेवली, मॅकॉन्की आगर. वर गुलाबी वसाहती, पण नुसत्या गुलाबी नाहीत. फुगीर, ओल्या, चकचकीत, एकमेकींत ओघळलेल्या. पाकात बुडवलेल्या बुंदीसारख्या. सरांनी तारेचा लूप तापवला, गार होऊ दिला, एका वसाहतीला टेकवला आणि अलगद वर उचलला. लूपबरोबर चिकट तार वर आली. लांबली, आणखी लांबली, तुटेना. गुळाच्या पाकाची तार पाहावी तशी सरांनी ती डोळ्यांशी नेली. म्हणाले, "हा क्लेबसिएला. हा अंगावर रेनकोट घालून हिंडतो."

रेनकोट म्हणजे त्याचं साखरेच्या साखळ्यांचं जाड कवच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला धरून गिळायला जातात, तर याला हातच लागत नाही, निसटतो. म्हणूनच तो फुफ्फुसात, मूत्रमार्गात, रक्तात घर करतो. ज्यांची शक्ती कमी त्यांना आधी गाठतो: मधुमेही, दारू पिऊन यकृत गेलेले, व्हेंटिलेटरवरचे आणि नवजात बाळं, त्यातही कमी वजनाची. धडधाकट माणसाच्या आतड्यात तो मुकाट राहतो. तुमच्याही असेल.

नावाचीही एक गोष्ट सरांनीच सांगितली. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलँडरने न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुफ्फुसात हा दांडूसारखा जंतू पाहिला. त्याच्याच प्रयोगशाळेत हान्स ग्रॅम नावाचा डॅनिश तरुण काम करत होता. फुफ्फुसाच्या तुकड्यात जंतू नीट उठून दिसावेत म्हणून त्याने १८८४ साली रंग द्यायची एक रीत काढली. जगातली प्रत्येक जंतुप्रयोगशाळा रोज सकाळी तीच रीत वापरते आणि मीही वापरतो. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काही सोडतात. फ्रीडलँडरचा जंतू सोडणाऱ्यांपैकी. पुढच्याच वर्षी त्रेव्हिझान या इटालियनाने त्या वंशाला नाव दिलं ते एडविन क्लेब्सच्या सन्मानार्थ. म्हणजे पाहिला एकाने, रंगवायला शिकवलं दुसऱ्याने, नाव लागलं तिसऱ्याचं. सर हे सांगून हसायचे. त्यांनी वाचलेल्या किती रिपोर्टांवर कुणाकुणाच्या सह्या झाल्या, ते आम्हाला माहीत होतं.

मला या जंतूचा खरा लळा लागला तो त्याच्या स्वयंपाकामुळे. लळा हा शब्द चमत्कारिक वाटेल, पण पंधरा वर्षं एकाच टेबलावर बसलेल्या माणसाला दुसरा सापडत नाही. साखर सगळेच जंतू खातात. हवा नसली की ती आंबवतात. ई. कोलाय साखरेपासून आम्लं करतो, आम्लंच आम्लं, आणि भोवतालचं पाणी इतकं आंबट करून ठेवतो की त्यालाच राहणं जड जातं. क्लेबसिएला हुशार. तो बरीचशी साखर दुसऱ्या वाटेला लावतो आणि तिच्यापासून आम्ल नसलेले पदार्थ करतो, अॅसिटोइन आणि ब्युटेनडायॉल. आपल्याच उष्ट्याने आपलं घर नासू नये, अशी व्यवस्था. आजी मोहफुलांचं मडकं नाकाशी धरून सांगायची, हे आंबट झालं, हे बरं आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हा मडक्यांबद्दल जास्त लिहीत नाही.

हा स्वयंपाक ओळखायची परीक्षा १८९८ सालची आहे. नळीत जंतू रात्रभर वाढवायचा. सकाळी अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब, मग पोटॅशचे. नळी हलवायची, झाकण सैल ठेवायचं आणि वाट पाहायची. हवा लागली की अॅसिटोइनचं डायअॅसिटिल होतं, म्हणजे लोण्याला ज्याने वास येतो तेच द्रव्य. मग वरच्या कडेपासून लाली उतरायला लागते. आधी गुलाबी कड, मग चहात केशर सोडावं तसं खालपर्यंत लाल. सर म्हणायचे, घाई करणाऱ्याला ही परीक्षा निगेटिव्ह दिसते. मी पहिल्यांदा पाच मिनिटांत नळी बेसिनमध्ये ओतायला निघालो होतो. त्यांनी मनगट धरलं.

त्यांनीच मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी घरी जाऊन बाला सांगितली. क्लेबसिएलाच्या काही जाती हवेतला नायट्रोजन पकडतात. आपल्याला ज्यासाठी युरियाच्या रांगेत उभं राहावं लागतं, ते काम हा बिनबोभाट करतो, पण प्राणवायू नसेल तिथेच, कारण त्यासाठी लागणारं त्याचं हत्यार प्राणवायूने निकामी होतं. १९७२ साली इंग्लंडमध्ये रे डिक्सन आणि जॉन पोस्टगेट यांनी नायट्रोजन पकडायची ही जनुकं क्लेबसिएलातून काढून ई. कोलायमध्ये घातली आणि ज्याला ही विद्या कधीच नव्हती त्यानेही ती करून दाखवली. धानाच्या मुळांपाशीही हा जंतू सापडतो. रोवणीच्या चिखलात बा गुडघाभर उभा होता. मी म्हटलं, लेकरांना मारतो त्याच्याच भाऊबंदांपैकी कुणी इथे तुमच्या धानाला पोसत असेल. बा म्हणाला, "मंग काय, भाऊबंदच तो." त्याच्या चुलतभावाशी तेव्हा बांधावरून वाद चालू होता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो तिथे येतो.

आमच्याकडे पुढे रक्ताच्या बाटल्यांचं यंत्र आलं. आजारी बाळाचं थोडंसं रक्त बाटलीत घालतात, बाटली यंत्रात ठेवतात. रक्तात जंतू असला तर तो वाढतो, साखर खातो, कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाटलीच्या बुडाशी असलेल्या चकतीचा रंग त्याने बदलतो आणि यंत्र वाजतं. म्हणजे हे यंत्रही श्वासच मोजतं, फक्त बाळाचा नव्हे, जंतूचा. पहिल्यांदा ते उमगलं तेव्हा मला आजीचे मणी आठवले होते.

एका शनिवारी संध्याकाळी बाटली वाजली. नवजात बाळ, कमी वजनाचं. मी स्लाइड केली, ग्रॅमचा रंग दिला. गुलाबी, आखूड, जाड दांडू, भोवती कवचाची पुसट पोकळी. रजिस्टरमध्ये नीट अक्षरात नोंद केली. बशीवर लावून ठेवलं. आणि निघालो. दिवाळीनंतरचे दिवस होते, झाडीपट्टीतल्या नाटकांचा मोसम. मूलच्या पुढे एका गावात नाटक होतं आणि मित्र मोटरसायकल चालू ठेवून फाटकाशी उभा होता. वॉर्डात फोन करायचा होता, तो राहिला. राहिला म्हणजे, 'उद्या सकाळी पूर्ण रिपोर्टच देऊ' असं मी मनाशी म्हटलं. रात्रभर नाटक पाहिलं. चांगलं होतं, हेही सांगून टाकतो.

रविवारी सकाळी बशीवर त्याच बुंदीसारख्या वसाहती होत्या. फोन केला. तिकडून सांगितलं की बाळ पहाटे गेलं.

मला कुणी काही बोललं नाही. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर औषध बदललं असतं, पण बाळ वाचलं असतंच असं सांगता येत नाही. खरं असेल. सोमवारी औषधांच्या चकत्यांची बशी वाचली. जंतू जिथे मरतो तिथे चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. या बशीवर वर्तुळं जवळजवळ नव्हतीच. जेंटामायसिनच्या चकतीच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढून आला होता. त्या चकतीकडे मी किती वेळ पाहत राहिलो, ते मला सांगता येणार नाही. मावशीच्या बॅगेतलं औषध होतं ते.

नुसता हा एक जंतू असता तर गोष्ट वेगळी. भारतात उपचार घेऊन गेलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या लघवीत २००८ साली जो क्लेबसिएला सापडला, त्याने राखीव ठेवलेली कार्बापेनेम औषधंही पचवली होती. ती पचवणाऱ्या त्याच्या हत्याराच्या नावात नवी दिल्ली जोडलं गेलं, तेव्हा आपल्याकडे मोठा गहजब झाला. गहजब नावावर झाला. सर्दीला दोन दिवस, तापाला तीन दिवस, उरलेल्या गोळ्या शेजारणीला, असं जे आपलं चालतं, त्यावर तेवढा झाला नाही. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक जंतूंची जी यादी काढली, तिच्यात कार्बापेनेम न जुमानणारा क्लेबसिएला सर्वांत वर आहे. १९९७ साली आमच्या गावात जेंटामायसिन चाललं, कारण तिथे ते कुणी उधळलेलं नव्हतं. मावशीला मोजून मिळायचं, ती मोजून द्यायची, आणि 'दोन झाले' म्हटल्याशिवाय सुई काढायची नाही. बहीण वाचली त्यात या काटकसरीचाही वाटा आहे, असं माझं मत आहे.

त्या महिन्यात मी गावाला गेलो. आजी कधीच गेली होती. मण्यांचं यंत्र कुणाकडे गेलं ते कुणी सांगू शकलं नाही. मावशी अंगणात तूर पाखडत होती. केस पांढरे, चष्मा आलेला. मी तिला सगळं सांगितलं. नाटकाचंही. तिने सूप खाली ठेवलं नाही. ऐकत पाखडत राहिली.

मग मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी एवढ्या पावसात तू आली कशी?"

तिला प्रश्नच कळला नाही. कोणता पाऊस? मी नाल्याची आठवण करून दिली. तिला आठवलं नाही. अशी किती घरं, किती नाले झाले असतील. थोडं थांबून म्हणाली, "दिवस ठरले होते ना बाबू. पाऊस हाय म्हनून पाचवा दिवस सहावा नाई होत."

त्या जंतूचं नाव काय असावं, ई. कोलाय की क्लेबसिएला की आणखी कुणी, हे तिला विचारावं असं निघताना मनात होतं. विचारलं नाही. तिला नावाची गरज पडली नव्हती. निघताना तिने पोलकं शिवायचं कापड बहिणीसाठी माझ्याकडे दिलं आणि मापाला जुनं पोलकंही. फुकट शिवू नको म्हणावं, पैसे घे, असा निरोप.

हे माझ्या व्यवसायातल्या तरुण पोरापोरींनी वाचलं तर त्यांच्यासाठी एवढंच. नवजात बाळाची बाटली वाजली आणि स्लाइडवर काही दिसलं, तर रजिस्टर नंतर भरा. आधी वॉर्डात फोन लावा. उचलला नाही तर जिना चढून जा. शनिवार असला तरी.